कपबशी : चहाच्या झाडाला शिडी लागते तेव्हा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी तरी 'आमचा चहा टपरीसारखा का होत नाही' याच चालीवरची असतात. (टपरीवाला साखरेत हात आखडत नाही आणि पातेलं दिवसभर उतरवत नाही, म्हणून. तुम्ही दोन्ही करू नका.) या खेपेला मात्र तीन पत्रं अशी आली की तिन्ही एकाच झाडाला येऊन टेकतात. म्हणून त्यांनाच जास्त जागा दिली आहे. उरलेल्यांची उत्तरं शेवटी, थोडक्यात.

प्रश्न : मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. चाळीस वर्षं तिकिटं जमवतो आहे. चीननं १९९७ साली चहावर चार तिकिटांचा संच काढला होता, तो माझ्याकडे आहे. त्यातल्या पहिल्या तिकिटाचं नाव 'चहाचं झाड', आणि चित्रात चक्क मोठा वृक्ष. आम्ही मुन्नारला गेलो होतो तेव्हा पाहिलेला चहा माझ्या कमरेएवढा होता. चूक तिकिटाची की माझी? तिकिटाची रंगीत झेरॉक्स सोबत जोडली आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : चूक तुमची नाही, तिकिटाचीही नाही. मुन्नारला तुम्ही पाहिलीत तीही झाडंच. त्यांना वाढू दिलेलं नाही इतकंच.

तिकिटावरचं झाड खरंखुरं आहे. चीनच्या नैर्ऋत्य टोकाला युन्नान प्रांत आहे, त्यातल्या लानचांग तालुक्यात बांगवाई नावाच्या खेड्यात ते उभं आहे. उंची जवळजवळ १२ मीटर, म्हणजे मी ज्या चाळीत वाढलो तिच्या तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला फांदी लागावी. वय हजार वर्षांच्या घरात असल्याचं तिकडचे अभ्यासक सांगतात. त्यांना या झाडाचं मोठं कौतुक, कारण त्याची फुलं-फळं रानटी चहाच्या वळणाची आणि कोवळी पानं लागवडीच्या चहासारखी. रानातून परसात येताना वाटेत थांबलेलं झाड म्हणा.

चहा हा कॅमेलिया कुळातला सदाहरित वृक्ष. त्याचे ढोबळ मानानं दोन वाण. एक चिनी, बारीक पानाचा, मुळातच झुडपासारखा. दुसरा आसामी, हातभर नव्हे पण वीतभर पानाचा. हा मोकळा सोडला तर सहज पंधरा मीटर जातो. मळ्यात मात्र रोप लहान असतानाच त्याचा शेंडा मारतात, फांद्या आडव्या पसरवतात आणि दर तीन-चार वर्षांनी कोयत्यानं पुन्हा छाटतात. वरचा भाग टेबलासारखा सपाट राहिला पाहिजे, म्हणजे खुडणाऱ्या बाईला उभ्या उभ्या दोन पानं आणि एक कळी मिळते. बिचाऱ्या झाडाला दर आठवड्याला वाटतं की आता वाढावं, आणि दर आठवड्याला कोणीतरी त्याचा अंकुर खुडून नेतं. आपण पितो तो चहा म्हणजे त्या झाडाचा वाढायचा प्रयत्न.

हे मी आज ऐटीत सांगतोय, पण मलाही ते वयाच्या पस्तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. मशीद बंदरच्या एका पेढीवर मी चहाची चव घेण्याचं काम करत होतो. सकाळी साठ-सत्तर कप ओळीनं मांडायचे, चमच्यानं सुर्रकन ओढायचे, पचकन थुंकायचे आणि वहीत आकडा टाकायचा. चहाची जीभ होती, पण चहाचं झाड पाहिलेलं नव्हतं. १९८८ च्या नोव्हेंबरात शेठनी मला पहिल्यांदा वरच्या आसामात पाठवलं. तिनसुकियाच्या पुढे एका मळ्यात मॅनेजर जीपमधून फिरवत होता. हिरवी सपाट टेबलं मागे पडली आणि एकदम दाट राई लागली. पंचवीस-तीस फूट उंच झाडं, खाली गार सावली, जमिनीवर पांढऱ्या फुलांचा सडा. मी विचारलं, ही कसली झाडं? तो हसायलाच लागला. म्हणाला, "चहा टेस्टर ना तुम्ही?"

ती होती 'बारी'. बियाण्यासाठी न छाटता राखलेली चहाची झाडं. पूर्वी प्रत्येक मोठ्या मळ्याची अशी बारी असे. कोकणातल्यांनी उंडीचं फूल आठवावं : पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. चहाचं फूल अगदी त्याच घरातलं वाटतं. फळ तीन कप्प्यांचं, आत रिठ्याएवढ्या कठीण तपकिरी बिया. खाली दोन बायका बिया वेचून पाण्याच्या पिंपात टाकत होत्या. बुडालेली बी ठेवायची, तरंगलेली फेकायची. पुढे जोरहाटच्या टोकलाई संशोधन केंद्रानं निवडक झाडांच्या कलमांची रोपं दिली, मळेवाल्यांना ती सोयीची वाटली आणि बऱ्याच बाऱ्यांकडे कोणी बघेना. तेव्हा मी बुडालेली एक बी खिशात टाकून आणली होती. ती मुंबईत रुजली नाही ती नाहीच.

तर तुमचं तिकीट जपून ठेवा. झेरॉक्स मी ठेवून घेतो, हरकत नसेल तर.

प्रश्न : माझी भाची नोकरीनिमित्त युन्नानमध्ये कुनमिंगला गेली होती. येताना तिनं पुअर चहाची गोल वडी आणली. कागदावर झाडाचं चित्र आहे आणि '८०० वर्षांच्या प्राचीन झाडाची पानं' असं इंग्रजीतही छापलं आहे. किंमत ऐकून माझे हात थरथरले. आलं, वेलची, दूध, साखर सगळं घालून उकळला तर ओल्या मातीचा वास! यजमान म्हणाले, तळघरात बसून चहा प्यायल्यासारखं वाटतंय. आम्ही फसलो का? आणि ८०० वर्षं हे खरं कशावरून?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : ताई, आधी यजमानांचं अभिनंदन. जीभ तयार आहे त्यांची. तळघर हाच शब्द मुरलेल्या पुअरसाठी आम्हीही वापरायचो, फक्त गिऱ्हाइकासमोर नाही.

पुअर म्हणजे युन्नानचा मुरवायचा चहा. तो दोन तऱ्हेचा. 'कच्चा' म्हणजे पानं कढईत परतून, मळून, उन्हात वाळवून, वाफ देऊन वडी दाबायची आणि वर्षानुवर्षं आपोआप मुरू द्यायची. 'पक्का' त्या मुरण्याची घाई करतो. पानांचा मोठा ढीग रचून, पाणी शिंपडून, झाकून दीड-दोन महिने उबवतात. शेणखताच्या खड्ड्यासारखा तो आतून तापतो आणि पाला काळा, मऊ, मातकट होतो. ही रीत फार जुनी नाही. १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडची वडी पक्की आहे. मातीचा वास हा तिचा गुण. बुरशीचा, कुबट, नाकात चढणारा वास असेल तर तो दोष. दोन्हीतला फरक सांगायचा तर पहिल्या सरीनंतरचं अंगण आणि ऑगस्टात कपाटात राहिलेली चामड्याची चप्पल.

दुधाबिधाचं विसरा. चिमूटभर, पाचेक ग्रॅम, वडीच्या कडेनं पापुद्रा सुटेल तसा बोथट सुरीनं सोडवा. हातोडी नको, चुरा होतो. उकळतं पाणी ओतून पानं धुवा आणि ते पहिलं पाणी टाकून द्या. मग पुन्हा उकळतं पाणी, पंधरा-वीस सेकंद, आणि गाळा. त्याच पानांवर सात-आठ वेळा पाणी चालतं. एकदम पिऊ नका, घोट घोट घ्या. गिळल्यावर थोड्या वेळानं घशाच्या मागून गोडवा येतो का बघा. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर येतो ना, तसा. चिनी लोक त्या गोडव्यासाठीच पैसे मोजतात.

आता ८०० वर्षं. इथे मला जरा पाय पसरून बसू द्या.

पहिली गोष्ट, पुअरच्या कागदावर दोन वयं असू शकतात : झाडाचं आणि वडीचं. वडीचं वय छापील तारखेवरून कळतं. झाडाचं वय सांगणारा बहुतेक वेळा दुकानदारच असतो. दुसरी गोष्ट, उभ्या झाडाचं वय मोजणं महाकठीण. खोडाला बारीक भोक पाडून आतली वर्तुळं मोजावीत तर जुनी चहाची झाडं बहुधा पोकळ असतात. कधीकाळी तोडलेली, बुंध्यातून पाच-सहा फाटे फुटलेली. सगळ्यात जुनं लाकूड तर कधीच कुजून गेलेलं. त्या उष्ण पट्ट्यात वर्तुळंही थंड देशातल्यासारखी रेखीव पडत नाहीत. वसई किल्ल्यातल्या गोरखचिंचा पाहिल्या आहेत ना? तो अवाढव्य पोकळ बुंधा बघून कोणी म्हणतो पोर्तुगीजांच्या काळातली, कोणी म्हणतो त्याही आधीची. तसंच. युन्नानमधल्या फेंगचिंगच्या एका झाडाचं वय तर ३,२०० वर्षं सांगतात. झाड भव्य आहे, पूज्य आहे. पण त्या आकड्यावर जाणकारांचं एकमत नाही.

आपल्याकडे राज्य सरकारनं २०२१ मध्ये कायदा बदलून ५० वर्षांपुढच्या झाडाला 'हेरिटेज' म्हटलं, आणि असं झाड तोडायची वेळ आली तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असं ठरवलं. त्या हिशेबानं बांगवाईचं झाड पाडणाऱ्याला हजार खड्डे खणावे लागतील. तोही आधी वयाबद्दल वाद घालेल, बघा.

तिसरी गोष्ट धंद्यातली. जुन्या झाडाच्या पाल्याला भाव एवढा की तो सहसा कोणी पक्क्याच्या ढिगात घालत नाही, कच्चाच ठेवतात. त्यामुळे पक्की वडी, मोठं दुकान आणि वर ८०० वर्षांचं लेबल, हे तिन्ही एकत्र आलं की माझी भुवई वर जाते. २००७ साली तर पुअरचे भाव असे फुगले होते की लोक वड्या शेअरसारख्या घेऊन ठेवत होते. त्याच वर्षी फुगा फुटला. त्या काळात कोणत्या पाल्याला कोणत्या डोंगराचं नाव लागलं असेल, देव जाणे.

चवीवरून कळत नाही का, असं तुम्ही विचाराल. मी तीस वर्षं जिभेवर पोट भरलं, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी जरा हवेत होतो. शेठनी एकदा तीन कप पुढे ठेवले. म्हणाले, हा कारखान्याचा साधा, हा अमुक मळ्याचा, आणि हा जुन्या झाडांचा खास माल, लिलावातून मिळवलाय. मी चाखले, तिसऱ्यावर पाच मिनिटं बोललो. अंग काय, रंग काय, शेवटचा गोडवा काय. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिन्ही कपांचा एकच डबा माझ्यासमोर ठेवला. सगळी पेढी हसली. हमाल हसला ते जास्त लागलं. त्या दिवसापासून नमुन्यांवर नावं न लावता आकडे लावायचे, हा नियम मी स्वतःहून घातला.

म्हणजे जुन्या झाडांच्या चहात काही नाहीच का? आहे. खोल मुळं, सावली, कमी खुडणी यामुळे पानांत सत्त्व जास्त राहतं, हे मान्य. जाड, रेशमी लिकर (म्हणजे कपात उतरलेला चहा), आणि सातव्या पाण्यालाही हार न मानणारी पानं मी एकदा चाखली आहेत, पण तेव्हा मला झाडाचं वय कोणी सांगितलेलं नव्हतं. तुमच्या वडीतली पानं भिजल्यावर बशीत उलगडून बघा. पक्क्या चहात ती काळी, थोडी चिवट असतात, तरी काही अखंड निघतील. चुराच असेल तर ८०० सोडा, ८ वर्षांची खात्रीही मी देणार नाही. वडी मात्र टाकू नका. प्यायला चांगलीच असेल.

भाचीला एक विचारा : ती जिंगमाय डोंगरावर गेली होती का? गेली नसेल तर पुढच्या वेळी तिकडे पाठवा. लानचांग तालुक्यातच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये रियाधला भरलेल्या बैठकीत युनेस्कोनं तिथल्या जुन्या चहावनांना जागतिक वारसा यादीत घेतलं. चहासाठी म्हणून त्या यादीत आलेलं ते पहिलं ठिकाण. त्याच बैठकीत आपलं शांतिनिकेतनही आलं, म्हणून आपल्या वर्तमानपत्रांत डोंगराला जागा उरली नाही.

तिथे ब्लांग आणि दाय लोक दहाव्या शतकापासून रान न तोडता रानाच्या आत चहा लावत आले आहेत. वर मोठी झाडं, त्यांच्या सावलीत चहा, खाली गवत-झुडपं. वरून पडणारा पाचोळा हेच खत, कोळी आणि पाखरं हीच फवारणी. मला यातलं काही परकं वाटलं नाही, कारण आपल्या देवरायांत हेच चालतं. प्रत्येक वाडीत एक झाड 'चहाच्या देवाचं' असतं. वसंतातली पहिली खुडणी त्याला हात जोडल्याशिवाय होत नाही. वेंगजी नावाच्या ब्लांग खेड्यात घरांच्या छपराच्या टोकाला दोन पानं-एक कळी कोरून लावलेली असते.

त्या जुन्या झाडांवर एक बांडगूळ वाढतं. त्याचे सांधे खेकड्याच्या नांगीसारखे दिसतात म्हणून त्याचं नावच 'खेकड्याचे पाय'. आपण हापूसवरचं बांडगूळ शिव्या देत तोडतो. तिकडे ते वाळवून चहात घालतात आणि वजनावर विकतात. त्याच्यातही आता भेसळ होते म्हणे, यात मला नवल वाटलं नाही.

ब्लांगांचा एक पूर्वज होता, पा आइलेंग. त्याची गोष्ट ते लोक अशी सांगतात : मरताना तो म्हणाला, गुरंढोरं ठेवली तर रोगानं मरतील, सोनंनाणं ठेवलं तर तुम्ही खाऊन संपवाल, म्हणून चहाची झाडं ठेवतो. ती वाचली तर तुम्हाला खायला मिळेल. आमच्या मालवणकडची म्हातारी माडांबद्दल शब्दशः हेच बोलायची. फरक एवढाच की तिच्या नातवांनी माड विकून वरळीला दीड खोली घेतली. (होय, त्यातला एक नातू मी.)

प्रश्न : चीनमध्ये हजार वर्षांची चहाची झाडं आहेत म्हणतात. मग आपल्याकडे चहा इंग्रजांनी आणला ही गोष्ट खरी का? आपल्याकडे तसली झाडं नाहीतच?
— एक शिक्षिका, भांडुप

उत्तर : बाई, वर्गात हा धडा असेल तर मुलांना सांगा : इंग्रजांनी मळे आणले, झाड इथलंच होतं.

१८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाचा व्यापारी वरच्या आसामात सिंगफो लोकांचा सरदार बिसा गाम याला भेटला आणि तिथे चहा पाहिला. त्याची माहिती ब्रूसला मणिराम देवाननं दिली असं मानतात. हे मणिराम पुढे स्वतः चहाचे मळे काढणारे पहिले भारतीय ठरले आणि १८५७ च्या उठावात भाग घेतला म्हणून फेब्रुवारी १८५८ मध्ये त्यांना जोरहाटला फाशी दिलं. मुलांना ब्रूसचं नाव पाठ असतं, यांचं नसतं.

रॉबर्ट ब्रूस लवकर वारला. भाऊ चार्ल्सनं रोपं आणि बिया पुढे पाठवल्या. कलकत्त्याच्या साहेबांचा आधी विश्वासच बसेना की हा खरा चहा. १८३४ मध्ये समिती नेमली, आणि एकीकडे आसामचं झाड खरं निघालं तरी दुसरीकडे माणूस पाठवून चीनमधून बिया मागवल्याच! रानटी झाडापेक्षा 'सुसंस्कृत' चिनी झाड बरं, ही त्यांची समजूत. आसामच्या दमट उष्म्यात चिनी झाड रडलं आणि रानटी म्हणून हिणवलेलं फोफावलं. १८३९ च्या जानेवारीत लंडनला आसामच्या चहाच्या पहिल्या ८ पेट्यांचा लिलाव झाला. चिनी वाणाला पुढे दार्जिलिंगची थंडी मानवली. तिथे काही मळ्यांत शंभरी ओलांडलेली झुडपं अजून खुडली जातात. झुडपं, कारण तीही छाटलेलीच.

अलीकडच्या जनुकीय अभ्यासांवरून तर असं दिसतं की आसामचा चहा आणि युन्नानचा मोठ्या पानाचा चहा हे वेगवेगळे, आपापल्या ठिकाणी माणसाळलेले. म्हणजे कोणी कोणाकडून आणलं हा प्रश्नच जरा बाद होतो.

सिंगफो लोक चहा तेव्हाही पीत होते आणि आजही पितात. त्याला म्हणतात 'फालाप'. त्याच १९८८ च्या फेरीत मार्गारिटाच्या पलीकडे एका सिंगफो घरात मी तो प्यायलो. घर बांबूच्या खांबांवर, मधोमध चूल, चुलीच्या वर शिंकाळ्यासारखी फळी. फळीवर धुरानं काळ्या पडलेल्या बांबूच्या नळ्या. पानं कढईत परतायची, मळायची, उन्हात वाळवायची, बांबूत ठासून भरायची आणि चुलीवर ठेवून द्यायची. महिनोन्‌महिने. घरातल्या आजींनी एक नळी काढली, कोयत्यानं बांबू सोलला आणि आतला घट्ट दांडा गुळाच्या ढेपेसारखा तासला. दोन चकत्या, गरम पाणी. ना दूध, ना साखर. पहिल्या घोटाला धूर, दुसऱ्याला कडसर, आणि मग तोच आवळ्याच्या पाण्याचा गोडवा. मी सवयीनं तो घोट थुंकायला जागा शोधत होतो. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की गिळला.

सिंगफोंचेच भाऊबंद ब्रह्मदेशात काचिन म्हणून आणि युन्नानमध्ये जिंगफो म्हणून राहतात. सरहद्दी नंतर आखल्या गेल्या. पानं परतून, वाळवून, दाबून, मुरवत ठेवायची ही रीत त्या सगळ्या डोंगरपट्ट्यात फिरते. विलेपार्ल्याच्या ताईंची वडी आणि माझी ती चकती यांचं नातं मला दुकानातल्या कुठल्याही लेबलापेक्षा जवळचं वाटतं.

आपल्याकडे तसली झाडं आहेत का, तर आहेत. वरच्या आसामात आणि अरुणाचलाच्या पायथ्याशी सिंगफोंच्या वस्त्यांजवळ उंच वाढलेला चहा आहे, आणि तो खुडायला माणसं झाडावर चढतात. फक्त आपण त्याचं तिकीट काढलेलं नाही.

आता थोडक्यात.

*गवती चहा हा चहाचाच भाऊ ना? आमच्या पेणच्या वाडीत पुष्कळ आहे. (चेंबूर)*
नाही. ते गवत. चहाच्या झाडाशी त्याचं नातं ज्वारीइतकंच. पण पावसाळ्यात आलं-गवती चहा घातलेला कप कोणी पुढे केला तर मी वनस्पतिशास्त्र काढत नाही.

*कुन्नूरहून चहाचं रोप आणलंय. बाल्कनीत वाढेल का? (बोरिवली)*
जगेल, रमणार नाही. त्याला आम्लधर्मी माती लागते, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, आणि मे महिन्यातलं पश्चिमेचं ऊन तर अजिबात नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि इतर कुंड्यांची सावली द्या. पत्तीचं लालच न ठेवता वाढू द्या. शेंडा मारू नका. नोव्हेंबरात फूल आलं तर फोटो पाठवा, मी छापतो.

*भारी चहा आणला की पावसाळ्यात त्याला वास लागतो. फ्रीजमध्ये ठेवू का? (लालबाग)*
फ्रीजमध्ये कदापि नाही. चहा दिसेल त्याचा वास उचलतो. आमच्या पेढीच्या शेजारच्या गाळ्यात हिंगाचा माल असे. एका जूनमध्ये मधल्या भिंतीला ओल आली, आणि आमच्या दार्जिलिंगच्या अकरा पेट्या भिंतीला टेकून राहिल्या. मी सकाळी पहिला कप ओढला आणि वरणाला फोडणी बसल्यासारखं वाटलं. शेठ म्हणाले, जिभेत बिघाड आहे. दुसरा कप त्यांनी स्वतः ओढला आणि मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, पूर्वी मसाला भरलेला नको. मसाल्याच्या फळीपासून आणि देव्हाऱ्यापासून लांब ठेवा. पुअरची वडी मात्र तिच्या कागदातच, कोरड्या कपाटात. तिला हवा लागते, पण मुंबईच्या जुलैची नव्हे. त्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा काढून हुंगा.